जोडी जमेपर्यंत

डबल्सवाला आपला व्यवसाय दोन हप्त्यांत सांगतो. आधी म्हणतो, "टेनिस खेळतो." समोरच्याचे डोळे चमकतात. मग जरा थांबून, आवाज एक पट्टी खाली घेऊन तो जोडतो, "डबल्स." डोळे पूर्ववत होतात. इमिग्रेशनच्या खिडकीतल्या अधिकाऱ्यापासून सोसायटीच्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकांपर्यंत सगळीकडे हाच क्रम. काकांचा पुढचा प्रश्नही ठरलेला.

"फेडररशी खेळलास का रे कधी?"

"नाही काका. एकदा त्याच्या शेजारच्या कोर्टवर प्रॅक्टिस केली होती."

"मग? काही बोलला?"

"आमचा बॉल त्याच्याकडे गेला. त्याने परत दिला."

एवढ्या भांडवलावर काका वर्षभर सोसायटीत सांगत हिंडतात की आपल्या बी विंगमधला पोरगा फेडररबरोबर असतो. डबल्सवाला ते खोडून काढत नाही. वाट्याला आलेली प्रसिद्धी एवढीच, तीही परत कशाला करायची?

हा डबल्सवाला कोणी एक माणूस नाही. बालेवाडीला चॅलेंजर स्पर्धा भरते त्या आठवड्यात मागच्या कोर्टांवर तो डझनाने दिसतो. देश निराळे, पासपोर्टांचे रंग निराळे, नमुना एकच. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. गुडघ्याला पट्टी, खांद्याला पट्टी, बॅगेत केळं. सर्व्हिस चांगली, व्हॉली त्याहून चांगली. फक्त रॅली लांबली की तो अस्वस्थ होतो. चौथ्या-पाचव्या फटक्यानंतर त्याला आपले एकेरीचे दिवस आठवू लागतात, आणि ते त्याला आठवायचे नसतात.

कारण डबल्सवाला जन्माला येत नाही, तो उरतो. भिंतीवर बॉल बडवणारं दहा वर्षांचं पोर विम्बल्डनच्या दुहेरीची दुसरी फेरी गाठायचं स्वप्न पाहत नाही. त्या वयात हाही सेंटर कोर्टावर एकटाच असायचा, आणि फायनल जिंकून आडवा पडायचा. पुढे वडिलांनी पीएफला हात घालून त्याला फ्युचर्सच्या वारीला धाडलं. तिथल्या सर्वांत खालच्या पायरीला आता एम-१५ म्हणतात. १५ म्हणजे १५ हजार डॉलर, आणि ते अख्ख्या स्पर्धेचे, एका माणसाचे नव्हेत. ट्युनिशियातलं मोनास्तिर, तुर्कस्तानातलं अंताल्या, इजिप्तमधलं शर्म अल-शेख अशा समुद्रकाठच्या गावांत या स्पर्धा आठवड्यामागून आठवडे चालतात. घरचे फोटो पाहतात आणि त्यांना वाटतं, पोरगं मजेत आहे. एकेरी जिंकणाऱ्याला २,१६० डॉलर मिळायचे. दुहेरी जिंकणाऱ्या जोडीला दोघांत मिळून हजाराच्या आत. जिंकून परतताना विमानाच्या तिकिटाचे पैसे सुटले, तर तो त्याला 'चांगला आठवडा' म्हणायचा.

अशी काही वर्षं एकेरीत पाचशे-सहाशेच्या घरात घुटमळल्यावर एक दिवस त्याच्या लक्षात येतं की गंमत म्हणून, राहायचे दिवस वाढावेत म्हणून खेळलेल्या दुहेरीत आपला नंबर तीनशेच्या आत आलाय. गणित सोपं असतं. ग्रँड स्लॅमच्या दुहेरीत ६४ जोड्या, म्हणजे १२८ माणसं. एकेरीतही १२८च. पण एकेरीतले बडे लोक दुहेरीकडे फिरकत नाहीत, त्यामुळे ही रांग बरीच छोटी. तो रांग बदलतो. घरी सांगताना म्हणतो, "सध्या डबल्सवर लक्ष देतोय." हे 'सध्या' पुढे दहा-बारा वर्षं टिकतं.

आणि रांग बदलल्यावर त्याला कळतं की आता टेनिस हे आपलं मुख्य काम राहिलेलं नाही. मुख्य काम जोडीदार शोधणं.

आपल्याकडे वधूवर सूचक मंडळात जे चालतं, ते या धंद्यात दर आठवड्याला चालतं. पत्रिका म्हणजे रँकिंग. स्पर्धेत प्रवेश मिळतो तो दोघांच्या क्रमांकांची बेरीज करून. आपल्याकडे छत्तीसपैकी जितके गुण जास्त तितकं लग्न पक्कं, इथे बेरीज जितकी लहान तितकं पक्कं. डावखुरा जोडीदार म्हणजे अमेरिकेत नोकरी असलेलं स्थळ. त्याच्या दारात रांग. मग अटी निघतात. कोणी ॲड कोर्ट, म्हणजे डावी बाजू, सोडायला तयार नसतो. कोणाला रात्री खोलीत एसी चालत नाही, आणि परवडत नाही म्हणून खोली तर एकच घ्यायची असते. कोणी आधीच सांगतो, तीन आठवड्यांनी माझा जुना जोडीदार दुखापतीतून उठतोय, तोपर्यंतच. नकाराची भाषाही तीच, ऐकून ऐकून पाठ झालेली. "बघतो" म्हणजे नाही. "संध्याकाळी सांगतो" म्हणजे दुसऱ्या एकाचा होकार यायचाय, तो आला नाही तर तू. "तुझ्याबरोबर खेळायला मला नेहमीच आवडेल" म्हणजे विसर.

डबल्सवाल्याच्या फोनवर जगातल्या पन्नासेक देशांतल्या पुरुषांना रात्री साडेअकराला पाठवलेले "पुढच्या आठवड्यात मोकळा आहेस का?" असे निरोप असतात. त्याच्या बायकोला, असलीच तर, याची सवय करून घ्यावी लागते.

सगळ्यांत मोठं मानाचं स्थळ म्हणजे एकेरी खेळणारा जोडीदार. नियम असा की एकेरीचं रँकिंगही दुहेरीच्या प्रवेशाला वापरता येतं. त्यामुळे आयुष्यभर नेटजवळ घासलेल्या दोन डबल्सवाल्यांची बेरीज कट-ऑफच्या बाहेर राहते आणि व्हॉली मारताना डोळे मिटणारे दोन एकेरीवाले आत जातात. यावर डबल्सवाला तासभर चिडून बोलू शकतो, आणि बोलून झालं की त्यातल्याच एका एकेरीवाल्याला निरोप पाठवतो. पण असं स्थळ मिळालं तरी सुख नाही. जोडीदार एकेरीत पहिल्याच फेरीत हरला तर त्याचं मन उडतं, तो मोबाइलवर घरच्या विमानाची वेळ पाहत सर्व्हिस करतो. सेमीफायनलला पोहोचला तर त्याच्या मांडीचा स्नायू अचानक धरतो, तोही फक्त दुहेरीपुरता. म्हणून डबल्सवाला प्रेक्षकांत बसून देवाकडे फार मोजून मागतो. जोडीदाराने क्वार्टरफायनलपर्यंत जावं. तीन सेटांत लढावं. आणि सन्मानाने हरावं.

एवढं करून जमलेली जोडी किती टिकते? कधी एक मोसम, कधी एक मॅच, कधी पासष्ट मिनिटं. यात मी आपल्या एकट्या डबल्सवाल्याला दोष देणार नाही, घराणंच तसं आहे. लिअँडर पेस आणि महेश भूपती यांनी १९९९ साली चारही ग्रँड स्लॅमच्या फायनल गाठल्या, त्यातल्या फ्रेंच आणि विम्बल्डन जिंकल्या, जगात पहिले झाले, आणि त्यानंतर त्यांचं काय बिनसलं याची चर्चा देशाने त्यांच्या टेनिसपेक्षा जास्त वर्षं चवीने केली. पेसच्या कारकिर्दीतल्या जोडीदारांची संख्या शंभराच्या वर गेली. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी भूपती आणि रोहन बोपण्णा दोघांनीही पेसबरोबर खेळायला नकार दिला आणि त्याला शेवटी विष्णू वर्धनबरोबर पाठवलं गेलं. त्या महिन्यात संघनिवडीच्या बातम्या वाचताना आपण क्रीडा पान वाचतोय की कौटुंबिक न्यायालयाचं कामकाज, हे कळेनासं झालं होतं.

कोर्टवरचा डबल्सवाला मात्र पाहण्यासारखा असतो. नेटपाशी उभा राहून तो एक हात पाठीमागे नेतो आणि सर्व्हिस करणाऱ्या जोडीदाराला बोटांनी खुणा करतो. मूठ म्हणजे जागेवर थांबणार, पंजा म्हणजे पलीकडे झेपावणार, याला ते पोच करणं म्हणतात. अर्थात हे एका जोडीचं. दुसऱ्या जोडीत नेमकं उलटं. दर आठवड्याला जोडीदार बदलणाऱ्या माणसाच्या बोटांत चार जोड्यांच्या चार भाषा साठलेल्या असतात, आणि ऐन ब्रेक पॉइंटला गेल्या महिन्यातल्या कोरियन जोडीदाराची भाषा बाहेर येते. दोघेही एकाच कोपऱ्यात धावतात. उरलेल्या अर्ध्या कोर्टात बॉल निवांत टप्पा घेतो.

तरी लगेच हातावर हात. पॉइंट जिंकला तरी टाळी, हरला तरी टाळी, डबल फॉल्ट झाला तरी टाळी. नुसती टाळी नाही, वर "चांगली कल्पना होती" असं म्हणायचं. डबल फॉल्टमध्ये कल्पना कसली? पण म्हणायचं, कारण जोडीदार रुसला तर पुढची मॅच नाही. मग दोघे तोंडापुढे बॉल धरून कुजबुजतात. ओठ वाचून प्रतिस्पर्ध्याला डाव कळू नये म्हणून हा बंदोबस्त. समोरचे दोघेही तेच करत असतात आणि बघायला कोर्टवर दोन बॉलबॉय, लाइनवर झोप आवरणारा एक माणूस, आणि सावली आहे म्हणून येऊन बसलेलं एक जोडपं. गुपित जपायला एवढी मेहनत मी एखाद्या कंपनीच्या लेखापालालाही घेताना पाहिलेलं नाही.

घरी आई हे सगळं मोबाइलवर थेट बघते. चॅलेंजरच्या मॅचेस फुकट दिसतात, हे तिला सोसायटीत सगळ्यांत आधी कळलं. तिचं निरीक्षण असं, "तू नुसता पुढे वाकून उभा असतोस. मागचा तो पोरगा बिचारा एकटा मारतो."

"आई, मी दबाव आणत असतो."

"कुणावर? त्याच्यावर?"

नियमांनीही या जमातीची बरीच थट्टा केली आहे. २००५ साली व्यावसायिक टेनिसच्या कारभाऱ्यांनी, म्हणजे एटीपीने, ठरवलं की दुहेरी लांबते, लोक बघत नाहीत, तेव्हा ती एकेरीवाल्यांच्या हाती द्यावी. डबल्सवाले थेट अमेरिकेतल्या कोर्टात गेले; टेनिसचं नव्हे, खरं कोर्ट. तडजोड झाली. ग्रँड स्लॅम सोडून टूरवर बाकी ठिकाणी ड्यूसनंतर एकच पॉइंट आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटांचा सुपर टायब्रेक, असं आता चालतं. म्हणजे दोघांनी दीड तास जिवाचं रान करायचं आणि निकाल एका नेटला लागून पलीकडे पडलेल्या बॉलने लागायचा. त्या निर्णायक पॉइंटला रिसीव्ह कोणी करायचं हे परतवणाऱ्या जोडीने ठरवायचं असतं. तेव्हा आपला डबल्सवाला लग्नाच्या पंगतीतल्या पाहुण्याइतका विनयशील होतो. "तू घे." "नको, तू चांगला मारतोयस, तू घे."

सोमवार हा त्याचा हिशेबाचा वार. दर सोमवारी नवं रँकिंग लागतं आणि बरोबर ५२ आठवड्यांपूर्वी कमावलेले पॉइंट गळून पडतात. त्यामुळे त्याच्या डोक्यातलं कॅलेंडर सणांचं नसून पॉइंट गळायचं असतं. बहिणीच्या लग्नाचा मुहूर्त काढायला घरचे बसले, तेव्हा याने पहिल्याच तारखेला हरकत घेतली. "त्या आठवड्यात माझे फायनलचे पॉइंट जातात." गुरुजींनी बराच वेळ पंचांगात फायनल शोधली म्हणतात.

पैशांचं मी फार सांगत नाही, कारण तोही सांगत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये सुमित नागल हा एकेरीतला भारताचा अव्वल खेळाडू जाहीरपणे म्हणाला होता की आपल्या खात्यात जेमतेम ९०० युरो आहेत. ते वाचून देश हळहळला. डबल्सवाल्याने बातमी दोनदा वाचली आणि विचारलं, "नऊशे? कुठल्या बँकेत?" रॅकेट दुसऱ्याकडून विणून घेणं परवडत नाही म्हणून विणायचं यंत्र काहीजण बरोबर बाळगतात. जर्मनीच्या डस्टिन ब्राउनने उमेदीच्या काळात व्हॅनमध्ये संसार थाटला होता, त्यातच झोपायचा आणि त्यातच दुसऱ्यांच्या रॅकेटही विणून द्यायचा. भारतीय डबल्सवाल्याला तेही जमत नाही, कारण व्हॅनलाही शेंगेन व्हिसा लागतो. जोडीदार बुधवारी होकार देतो, स्पर्धा सोमवारी असते, आणि व्हिसाची मुलाखत त्यानंतरच्या महिन्यात.

उन्हाळ्यात त्याला खरे पैसे मिळतात ते जर्मनीतल्या क्लबांच्या लीगमध्ये. एखाद्या लहानशा गावचा क्लब त्याला रविवारपुरता करारावर घेतो. मॅच झाल्यावर क्लबातल्या आजीबाई घरी केलेला केक देतात, पुरुषमंडळी बिअर देतात, आणि सगळे त्याचं नाव चुकीचं पण प्रेमाने घेतात. दोनशे माणसं टाळ्या वाजवतात. दुहेरीलाही! इथे दुहेरीचे गुण एकेरीइतकेच मोलाचे, त्यामुळे संध्याकाळी मॅच अटीतटीची झाली की तोच गावचा हिरो. त्या गावाचं नाव त्याच्या आईला उच्चारता येत नाही, पण देवासमोर दिवा लावताना ती त्या क्लबचंही भलं चिंतते.

मग सोडत का नाही? हा प्रश्न त्याला सगळे विचारतात, मीही विचारायचो. उत्तर एका माणसाने बिघडवून ठेवलंय. जानेवारी २०२४मध्ये रोहन बोपण्णा वयाच्या ४३व्या वर्षी मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि दुहेरीत जगात पहिला झाला. एवढ्या वयात पहिल्यांदा पहिला झालेला दुसरा कोणी नाही. त्या दिवसापासून किती घरांतला समजुतीचा संवाद बंद पडला असेल! "बत्तीसचा झालास, आता काहीतरी बघ," असं वडील म्हणाले की हा शांतपणे सांगतो, "अजून अकरा वर्षं आहेत, बाबा." बोपण्णाने भारतीय टेनिसला जे दिलं ते दिलंच, पण स्टेट बँकेच्या परीक्षा देऊ शकली असती अशी कितीतरी माणसं त्याच्यामुळे अजून ट्युनिसच्या विमानात बसताहेत.

त्यात पुणेकरांनी आणखी तेल ओतलं. बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची स्पर्धा भरायची. २०१९ला बोपण्णा आणि दिविज शरण, २०२२ला बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन यांनी तिथे दुहेरी जिंकली आणि स्टेडियम खरंच ओरडलं. डबल्सवाला तिथे असायचा, वाइल्ड कार्डच्या आशेने. ते मिळालं नाही तरी तो थांबायचा, टाळ्या ऐकायचा. मग २०२४च्या ऑक्टोबरात पुण्याचाच अर्जुन कढे ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर कझाकस्तानात अल्माटीला एटीपीचं विजेतेपद मिळवतो, तेही सुपर टायब्रेकमध्ये, आणि आपल्या माणसाला वाटतं, हा तर माझ्या शेजारच्या कोर्टवरचा. झालं. आणखी पाच वर्षं निश्चित.

त्याच्या घराण्याचा खरा सण मात्र ऑगस्ट २०२५मध्ये साजरा झाला. अमेरिकन ओपनवाल्यांनी मिश्र दुहेरीचं रूप पालटलं. मुख्य स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात दोन दिवसांत सगळं उरकायचं, फायनल सोडून सेट चारच गेमचे, १६ जोड्या, त्याही बहुतेक एकेरीतल्या ताऱ्यांच्या, आणि विजेत्या जोडीला दहा लाख डॉलर. नेहमीचे डबल्सवाले बहुतेक बाहेर. गतविजेते म्हणून सारा एर्रानी आणि आंद्रेया वाव्हासोरी ही इटालियन जोडी आत. आणि त्या दोघांनी एकेक तारा खाली उतरवत फायनलमध्ये इगा श्विऑनटेक आणि कास्पर रूड यांनाही हरवलं. त्या रात्री जगभरच्या स्वस्त हॉटेलांत माणसं गादीवर उड्या मारत होती असं माझं अनुमान आहे. आमचा डबल्सवाला रात्रभर जागा होता. सकाळी दूधवाल्याला त्याने पोचिंग समजावून सांगितलं. दूधवाल्याने पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेत विचारलं, "पण दादा, हे दोघं लग्नाचे आहेत का?"

हरल्यावर डबल्सवाला कसा वागतो हे पाहायचं असेल तर मंगळवारी संध्याकाळी बाहेरच्या कोर्टवर जावं. पहिली फेरी, सुपर टायब्रेक, ८-१०. चॅलेंजरच्या दुहेरीत पहिल्या फेरीत हरलं की पॉइंट शून्य, त्यामुळे कागदोपत्री तो तिथे आलाच नव्हता. जोडीदाराशी नेटपर्यंत चालत येताना दोघे एकमेकांना 'सॉरी' म्हणतात; दोघांनाही माहीत असतं की हा घटस्फोट आहे. मग चौघे हात मिळवतात. जिंकलेल्या जोडीतला डावखुरा याचा हात हातात घेऊन "भारी खेळलास" म्हणतो. हा त्याचा हात सोडत नाही.

"नोंथाबुरीच्या चॅलेंजरला कोणाबरोबर आहेस?"

डावखुरा आपल्या जोडीदाराकडे एक चोरटी नजर टाकतो. तो अंपायरशी हात मिळवण्यात गुंतलेला असतो.

"अजून ठरलं नाहीये," तो हळूच म्हणतो. "तुझा नंबर काय चाललाय सध्या?"